राज्याची तूट व शेतकऱ्याचा पदर

दरवर्षीं मार्च महिन्यांत राज्याचें अंदाजपत्रक विधिमंडळापुढें मांडलें जातें. वर्तमानपत्रांचे रकाने त्याच्या वर्णनानें भरून जातात. गांवच्या पारावर मात्र त्याची चर्चा बहुधा दोनच प्रश्नांपुरती होते: शेतकऱ्यांस काय मिळालें, आणि कोणती वस्तु महागली. हे दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु तिसरा एक प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि आमच्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. जमेपेक्षां खर्च अधिक असतां मधली तूट सरकार कशी भरून काढणार, आणि ती कोणाच्या पदरांतून?

हा प्रश्न किती मोठा आहे तें आंकड्यांवरून दिसेल. सन २०२५-२६ च्या महाराष्ट्राच्या अंदाजपत्रकांत महसुली जमा ५,६०,९६४ कोटि रुपये व महसुली खर्च ६,०६,८५५ कोटि रुपये धरला होता. म्हणजे वर्षारंभींच ४५,८९१ कोटि रुपयांची तूट मान्य करून राज्याचा संसार सुरू झाला. धरणें, रस्ते, इमारती इत्यादि भांडवली कामांचा खर्च याहून निराळा. तोहि हिशेबांत धरला म्हणजे जें एकंदर कर्ज उभारावें लागतें, त्यास राजकोषीय तूट असें नांव आहे. ती त्या वर्षीं सुमारें १,३६,००० कोटि रुपये होईल असा अंदाज होता. एवढी रक्कम आकाशांतून पडत नाहीं. ती कोठून येते हें जाणणें जमीनधारक शेतकऱ्यास जितकें जरूर आहे तितकें क्वचितच दुसऱ्या कोणास असेल. याचें कारण पुढें दिसून येईल.

घरचा हिशेब व राज्याचा हिशेब

नापिकीच्या सालीं शेतकऱ्याच्या घरीं जें घडतें, तेंच मोठ्या प्रमाणावर राज्याच्या तिजोरींत घडतें. पाऊस दगा देतो आणि घरांत धान्य कमी येतें. मग घरच्या कर्त्या माणसापुढें चार मार्ग उरतात. खर्च आखडावा, नवी मिळकत शोधावी, कर्ज काढावें, नाहींतर दुकानदाराची उधारी पुढील सुगीवर ढकलावी. सरकारपुढेंहि हेच चार मार्ग आहेत: कपात, कर, कर्ज आणि दिरंगाई. नोटा छापण्याचा अधिकार राज्यांस नाहीं. कर्ज काढण्यासहि मर्यादा आहे. राज्याकडे केंद्र सरकारचें देणें शिल्लक असेल तोंवर नवें कर्ज काढण्यास घटनेच्या २९३ व्या कलमान्वयें केंद्राची संमति लागते. शिवाय तुटीस आळा घालण्यासाठीं महाराष्ट्रानें २००५ सालीं स्वतंत्र कायदा केला आहे. राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या शेंकडा ३ पर्यंतच राजकोषीय तूट असावी, हा आज सामान्यतः मानला गेलेला दंडक आहे.

शहाणा शेतकरी या चारहि मार्गांत तारतम्य ठेवतो. लग्नांतील जेवणावळ तो आखडतो, परंतु बियाण्याच्या कणगीस हात लावीत नाहीं. विहिरीसाठीं काढलेलें कर्ज आणि पोटासाठीं काढलेलें कर्ज यांस तो एकाच मापानें मोजीत नाहीं. सरकारच्या तुटीचा विचार करतांना हीच कसोटी आपण लावली पाहिजे. तूट आहे एवढ्यावरून सरकार उधळें ठरत नाहीं, आणि तूट भरली एवढ्यावरून तें शहाणेंहि ठरत नाहीं. कणगीस हात लागला कीं नाहीं, हें पाहावयाचें.

राज्याच्या हातीं कोणते कर उरले?

कर वाढवून तूट भरावी असें म्हणणें सोपें आहे, परंतु वाढवावयाचा कोणता? १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर लागू झाला. त्यापूर्वींचा मूल्यवर्धित विक्रीकर, जकात वगैरे अनेक कर त्यांत विलीन झाले. या नव्या कराचे दर राज्य एकट्यानें ठरवीत नाहीं. त्यासाठीं केंद्र व राज्यें यांची परिषद आहे. तींत मतांचा एक-तृतीयांश भार केंद्राकडे व दोन-तृतीयांश सर्व राज्यांकडे मिळून आहे, आणि ठराव मंजूर होण्यास तीन-चतुर्थांश मतें लागतात. म्हणजे एकट्या महाराष्ट्रानें मनांत आणलें तरी साबणाचा वा सिमेंटचा कर त्यास वाढवितां येत नाहीं.

राज्याच्या स्वतःच्या मुठींत जे मुख्य कर राहिले ते असे: पेट्रोल व डिझेल यांवरील विक्रीकर, मद्यावरील कर, दस्तऐवजांवरील मुद्रांकशुल्क, वाहनकर, वीजशुल्क, व्यवसायकर आणि जमीन महसूल. यांपैकीं व्यवसायकरास घटनेच्या २७६ व्या कलमानें माणशीं वर्षास २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. जमीन महसूल एके काळीं मुंबई इलाख्याच्या तिजोरीचा कणा होता, परंतु आज एकंदर जमेंत त्याचें प्रमाण नगण्य आहे. शेतीच्या उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार घटनेनें राज्यांसच दिला आहे, परंतु तो वापरण्यास सरकारें सहसा धजत नाहींत. म्हणून तूट आली कीं सरकारचा हात सवयीनें दोन ठिकाणीं जातो: पेट्रोलच्या पंपाकडे व दारूच्या दुकानाकडे.

‘आमच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाहीं, तेव्हां सरकारच्या करांशीं आमचें देणें-घेणें नाहीं’, असें म्हणणाऱ्या बांधवांनीं याचा विचार करावा. ट्रॅक्टरच्या टाकींत पडणाऱ्या प्रत्येक लिटर डिझेलवर शेतकरी राज्यास कर देतो. भाजी बाजारांत नेणाऱ्या टेम्पोच्या भाड्यांतहि तोच कर भरलेला असतो.

उघड मार्ग: कर

ही रीत आजची नाहीं. नागपूर व वऱ्हाड ज्यांत मोडत, त्या मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारनें १९३८ सालीं मोटारीच्या तेलाच्या किरकोळ विक्रीवर कर बसविला. हा प्रांताचा अधिकार नव्हे अशी हरकत हिंदुस्थान सरकारनें घेतली. वाद नव्यानेंच स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढें गेला आणि निकाल प्रांताच्या बाजूनें लागला. पुढें सर्व राज्यांचा मुख्य आधार झालेला विक्रीकर या निकालाच्या पायावर उभा राहिला.

त्याच सुमारास मुंबई इलाख्यांत बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ होतें व अर्थखातें अण्णासाहेब लठ्ठे यांजकडे होतें. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरांत दारूबंदी सुरू झाली. तिच्या योगानें अबकारीचें जें उत्पन्न बुडणार होतें, तें भरून काढण्यासाठीं शहरांतील स्थावर मिळकतींवर कर बसविण्यांत आला. मुंबईंत तो भाड्याच्या वार्षिक किंमतीवर शेंकडा १० होता. मोटारीच्या तेलावरहि कर आला. घरमालकांनीं मोठा गिल्ला केला. परंतु त्या योजनेंत एक गोष्ट स्वच्छ होती: किती उत्पन्न बुडणार, तें कशासाठीं बुडवावयाचें व तें कोणी भरावयाचें, हें सर्वांस ठाऊक होतें. विरोध करणाऱ्यास विरोध करण्याजोगी वस्तु समोर दिसत होती.

याहून उत्तम उदाहरण आपल्या पिढीच्या आठवणींतील आहे. १९७२ च्या भयंकर दुष्काळानंतर महाराष्ट्रानें रोजगार हमीची योजना हातीं घेतली. कामास पैसा हवा म्हणून १९७५ सालीं व्यवसायकर बसविला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांनीं तो द्यावयाचा आणि खेड्यांतील मजुरास त्यांतून काम मिळावयाचें, अशी ती मांडणी होती. ओलिताच्या जमिनींसहि या निधीसाठीं उपकराचा भार होता. म्हणजे सुस्थितींतील शेतकरी या बोज्यांतून सुटला नव्हता. १९७७ सालीं कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. नालाबांध, पाझरतलाव, गांवरस्ते अशीं कितीतरी कामें त्या पैशांतून उभीं राहिलीं, व त्यांचें पाणी शेतकऱ्याच्याच विहिरीस आलें. पुढें २००५ सालीं सबंध देशासाठीं जो रोजगार हमीचा कायदा झाला, त्यापुढें महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

उघड कराचाहि एक दोष आहे, तो लपविणें योग्य नव्हे. संकटाच्या नांवानें बसविलेला कर संकट सरल्यावर निघत नाहीं. १ ऑक्टोबर २०१५ पासून दुष्काळनिवारणासाठीं पेट्रोल व डिझेल यांवर लिटरमागें २ रुपये अधिभार बसविण्यांत आला. मद्य, सिगारेट, सोनें यांवरील करहि वाढविले. यांतून सुमारें १,६०० कोटि रुपये मिळावेत अशी अपेक्षा होती. पुढें पेट्रोलवरील अधिभार उतरण्याऐवजीं चढत गेला. हमरस्त्यांलगतचीं मद्याचीं दुकानें सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमानें बंद झालीं, तेव्हां बुडालेलें उत्पन्न भरण्यासाठीं एप्रिल २०१७ मध्यें हाच अधिभार लिटरमागें ६ रुपयांवरून ९ रुपये करण्यांत आला. दारूचें उत्पन्न गेलें कीं तेलावर कर, हें १९३९ चें गणित ७८ वर्षांनीं पुन्हां मांडलें गेलें. फरक इतकाच कीं, पूर्वीं त्या करामागें निश्चित हेतु जाहीर होता. आतां दुष्काळाचें नांव गळून गेलें व कर मात्र राहिला.

उसाच्या बाबतींत नुकताच घडलेला प्रकारहि याच जातीचा आहे. २०२५ सालच्या पावसाळ्यांत मराठवाड्यांत व अन्यत्र महापूर येऊन शेतें खरवडून गेलीं. त्यानंतर गळीत हंगामासाठीं साखर कारखान्यांकडून टनामागें १५ रुपये घेण्याचें ठरलें. त्यांपैकीं १० रुपये मुख्यमंत्री सहाय्यता निधीस व ५ रुपये पूरग्रस्त शेतकऱ्यांसाठीं होते. ही रक्कम कारखान्याच्या नफ्यांतून द्यावयाची, उसाच्या दरांतून नव्हे, असा खुलासा सरकारनें केला. परंतु सहकारी कारखान्याचा सभासद शेतकरीच असल्यानें नफा व दर यांमधील भिंत फार पातळ आहे. पूरग्रस्त बांधवास मदत करण्यास कोणीहि नाहीं म्हणणार नाहीं. मात्र जमलेली रक्कम किती व ती कोणाच्या हातीं पडली, याचा हिशेब मागण्याचा हक्क देणाऱ्यास आहे.

मुका मार्ग: कपात

कर बसवावयाचा तर विधेयक आणावें लागतें वा अधिसूचना काढावी लागते. वर्तमानपत्रें ओरडतात, मोर्चे निघतात. कपातीचें तसें नाहीं. मंत्रालयांतून एक शासननिर्णय निघतो आणि जें होणार होतें तें होत नाहीं. न झालेल्या कामाचा मोर्चा निघत नाहीं.

२०२० सालीं करोनाच्या सांथीमुळें व्यवहार बंद पडले आणि राज्याची जमा एकाएकीं आटली. ४ मे २०२० च्या शासननिर्णयानें खात्यांच्या तरतुदींपैकीं सर्वसाधारणपणें शेंकडा ३३ इतकाच खर्च करावा असें ठरलें. नवीं बांधकामें व नवी नोकरभरती थांबली. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, मदत व पुनर्वसन, अन्नपुरवठा अशा खात्यांस अग्रक्रम दिला. पुढें १ जून २०२० पासून पेट्रोल व डिझेल यांवर लिटरमागें आणखी २ रुपये कर वाढविला. त्या आणीबाणींत दुसरें कांहीं करणें कठीण होतें, आणि माणसें वांचविण्यास पैसा आधीं देणें योग्यच होतें. आमचा मुद्दा निराळा आहे. डिझेलचे २ रुपये प्रत्येक शेतकऱ्यास त्याच आठवड्यांत कळले. परंतु आपल्या तालुक्यांतील कोणत्या चारीचें अस्तर, कोणता पूल, गुरांच्या दवाखान्यांतील कोणती जागा त्या शासननिर्णयानें अडली, हें किती जणांस ठाऊक आहे?

कपात बहुधा भांडवली कामांवरच कां पडते, याचेंहि कारण समजून घेतलें पाहिजे. पगार, निवृत्तिवेतन व कर्जावरील व्याज हे तीन खर्च टाळतां येत नाहींत. राज्याच्या महसुली जमेचा सुमारें निम्मा भाग, केव्हां केव्हां त्याहूनहि अधिक, यांतच जातो. रोख अनुदानाच्या योजनांस हात लावला तर मतदार रागावतो. मग कात्री चालण्यास मोकळी जागा कोठें उरते? पाटबंधारे, रस्ते, जमिनीची धूप थांबविण्याचीं कामें, बीजगुणनक्षेत्रें, शेतकी संशोधन, अशा ठिकाणीं. घरच्या भाषेंत सांगावयाचें तर हीच बियाण्याची कणगी आहे. ती रिकामी झाल्याचें त्या वर्षीं कोणास जाणवत नाहीं. जाणवतें तें पुढल्या मृगांत.

अर्धवट राहिलेलें काम किती महाग पडतें याचें उदाहरण विदर्भांत आहे. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी एप्रिल १९८८ मध्यें झाली. मूळ अंदाज सुमारें ३७२ कोटि रुपयांचा होता. सुधारित अंदाज १८,००० कोटि रुपयांच्या वर गेला. या वाढीस केवळ पैशाची तूट कारण नाहीं. भूसंपादन, पुनर्वसन, आराखड्यांतील बदल व कारभारांतील दोषहि त्यास कारण आहेत. परंतु काम रखडलें कीं खर्च वाढतो, खर्च वाढला कीं पैसा पुरत नाहीं, आणि पैसा पुरला नाहीं कीं काम पुन्हां रखडतें, हें चक्र त्यांत स्पष्ट दिसतें. कालव्याच्या शेवटच्या टोकास असलेल्या ज्या शेतकऱ्यास तीस वर्षें पाण्याची वाट पाहावी लागली, त्यानें कोणताहि कर भरल्याची पावती त्याजपाशीं नाहीं. तरीहि त्यानें जेवढें गमावलें तेवढें कोणत्याहि करानें त्याच्यापासून घेतलें नसतें.

दिरंगाई: न लिहिलेली उधारी

कपातीची धाकटी बहीण म्हणजे दिरंगाई. योजना रद्द होत नाहीं, मंजुरीहि मिळते. फक्त पैसा येत नाहीं. पीककर्ज नियमित फेडणाऱ्या शेतकऱ्यांस ५०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहनाची रक्कम देण्याचें मार्च २०२० मध्यें जाहीर झालें. ती खात्यांत पडूं लागली ऑक्टोबर २०२२ मध्यें. मधल्या अडीच वर्षांत सरकार बदललें, सांथ येऊन गेली. परंतु सरळ हिशेबानें पाहिलें तर प्रामाणिक कर्जफेड करणाऱ्या शेतकऱ्यानें तेवढे दिवस सरकारास बिनव्याजी उधार दिलें असेंच म्हणावें लागेल. ठिबक संचाचें अनुदान उशिरा आल्यानें सावकाराचें वा दुकानदाराचें व्याज भरलेले बांधव गांवोगांव आहेत. २०२५ सालीं सरकारी कामांच्या थकलेल्या बिलांसाठीं ठेकेदारांच्या संघटनांनीं आंदोलनें केलीं. ठेकेदाराचें बिल थकलें कीं गांवच्या रस्त्याची खडी अर्ध्यावर पडून राहते. या उधारीची नोंद अंदाजपत्रकाच्या तुटींत होत नाहीं. म्हणून तूट कमी दिसते, आणि भार मात्र जेथल्या तेथें राहतो.

कॅन्ससचा धडा

आपल्याकडे चारहि मार्गांची भेसळ होत असल्यानें कोणत्या मार्गाचा काय परिणाम झाला तें निवडून दाखविणें कठीण जातें. अमेरिकेंतील कॅन्सस या राज्यांत तें स्वच्छ दिसलें. तो गहू पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचा मुलूख असल्यामुळें त्याची हकीकत आपल्या वाचकांस जवळची वाटेल. अमेरिकेंतील बहुतेक राज्यांस तोटा ठेवून अंदाजपत्रक करण्यास कायद्यानें मनाई आहे. तूट दिसली कीं कपात करावी वा कर वाढवावा, याचा निवाडा त्यांना लगोलग करावा लागतो.

२०१२ सालीं तेथील राज्यपाल सॅम ब्राउनबॅक यांनीं प्राप्तिकर एकदम उतरविला. सर्वांत वरचा दर शेंकडा ६.४५ वरून ४.९ वर आला. कंपनी न करतां स्वतःच्या नांवानें वा भागीदारींत धंदा करणाऱ्यांचें धंद्याचें उत्पन्न राज्याच्या करांतून साफ मुक्त केलें, व त्यांत शेतीचें उत्पन्नहि होतें. कर कमी झाले म्हणजे धंदे वाढतील व तिजोरी आपोआप भरेल, अशी कल्पना होती. तिजोरी भरली नाहीं. जून २०१४ अखेर संपलेल्या वर्षांत जमा सुमारें ७० कोटि डॉलरांनीं घसरली. मग रस्त्यांच्या निधींतील पैसा चालू खर्चाकडे वळविला. नोकरांच्या निवृत्तिनिधीची भरणी पुढें ढकलली. २०१५ सालीं पैशाअभावीं कांहीं शाळांचें वर्ष ठरल्या दिवसांपूर्वींच संपवावें लागलें. त्याच वर्षीं विक्रीकर शेंकडा ६.१५ वरून ६.५ केला आणि तो खाण्याच्या पदार्थांवरहि होता.

यांतील विपर्यास ध्यानांत घ्यावा. गहू पिकविणाऱ्याच्या उत्पन्नावर कर राहिला नाहीं, पण त्याच गव्हाची पाव विकत घेणाऱ्या मजुरावर कर वाढला. शेतकऱ्याचा प्राप्तिकर वांचला, परंतु ज्या रस्त्यानें त्याचें धान्य बाजारास जावयाचें त्या रस्त्याचा निधि रिता झाला, व मुलांच्या शाळेस कुलूप लागलें. अखेर जून २०१७ मध्यें तेथील विधिमंडळानें राज्यपालांचा नकाराधिकार मोडून जुने कर बहुतांशीं परत आणले, आणि त्यांत राज्यपालांच्या स्वतःच्या पक्षाचे अनेक सभासद सामील होते. अन्नावरील राज्याचा विक्रीकर पुढें पायरीपायरीनें उतरवून जानेवारी २०२५ पासून शून्यावर आणला गेला. करमाफीनें आपण सुटलों असें ज्यास वाटलें, त्याच्याकडून ती रक्कम दुसऱ्या दारानें वसूल झाली, एवढा धडा त्यांतून निघतो.

आपल्या दारचें ताजें उदाहरण

महाराष्ट्रांत २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्यानें केवळ १ रुपया भरून पीकविमा उतरवावा, उरलेला हप्ता सरकारनें भरावा, अशी योजना होती. तींत खोटे अर्ज पुष्कळ आले व सरकारचा खर्च फुगला. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. खरीप धान्यें व गळिताचीं पिकें यांस विमारकमेच्या शेंकडा २, रब्बीस १.५ व नगदी पिकांस ५ असा हिस्सा शेतकऱ्यानें भरावा, ही जुनी रीत परत आली. भरपाईहि पीककापणीच्या प्रयोगावरच ठरावयाची झाली. यांतून वांचणारा पैसा शेतींतील भांडवली गुंतवणुकीकडे वळवूं, असें सरकारनें सांगितलें.

ही कपात वाईट म्हणावी कीं चांगली? आमच्या कसोटीनें पाहिलें तर उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. खोट्या अर्जांवर जाणारा पैसा वांचवून तो अवजारें, शेततळीं व पाणी यांवर खरोखर लागला, तर ती जेवणावळींतील काटकसर होय, तिचें स्वागत करावें. तो पैसा दुसऱ्याच तुटींत मुरला, तर ती शेतकऱ्यावर बसविलेला कर होय. तो कर म्हणून मांडला गेला नाहीं, इतकेंच.

सभासदांनीं काय करावें

तूट भरण्याचा फुकट मार्ग नाहीं. कर घेतला तर आज द्यावा लागतो. कर्ज काढलें तर मुलांस द्यावें लागतें. कपात केली तर पाणी, रस्ता व शाळा यांच्या रूपानें द्यावें लागतें. दिरंगाई केली तर व्याजाच्या रूपानें. यांतील पहिला भार दिसतो म्हणून आपण त्याविरुद्ध ओरडतों. उरलेले तीन दिसत नाहींत म्हणून सोसतों. सरकारेंहि माणसांचींच असतात. जेथें ओरड होत नाहीं तेथें तीं आधीं हात घालतात.

म्हणून प्रत्येक शाखेनें मार्चनंतरच्या आपल्या सभेंत अर्धा तास या कामास द्यावा असें सुचवावेंसें वाटतें. अंदाजपत्रकाचे ग्रंथ सरकार प्रसिद्ध करतें. त्यांत शेती व पाटबंधारे या खात्यांच्या पानांवर तीन रकाने शेजारीं शेजारीं असतात: मागील वर्षीं प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज व पुढील वर्षाची तरतूद. तरतूद मोठी आणि प्रत्यक्ष खर्च लहान असें वर्षानुवर्षें दिसलें, तर तेथें मुकी कपात चालू आहे असें समजावें. नंतर पावसाळी व हिवाळी अधिवेशनांत येणाऱ्या पुरवणी मागण्या पाहाव्या. मार्चमध्यें न दाखविलेला खर्च तेथें डोकें वर काढतो. आपल्या तालुक्यांतील मंजूर परंतु थांबलेल्या कामांची यादी करून ती आमदारांपुढें ठेवावी आणि प्रत्येक कामापुढें ‘केव्हां’ असा एकच प्रश्न लिहावा. नवा अधिभार आला तर तो कशासाठीं, किती दिवसांसाठीं व जमा किती झाली, हें विचारावें.

आणि आणखी एक गोष्ट, जी बोलण्यास थोडी जड आहे. आपणांपैकीं ज्यांची जमीन बागायती आहे व घर सुस्थितींत आहे, त्यांनीं प्रत्येक सवलतीस ‘आणखी’ म्हणण्यापूर्वीं ती कोणत्या कणगींतून येते हें पाहावें. २०२४ च्या एप्रिलपासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस वीजबिल माफ झालें आणि त्याचा लाभ सुमारें ४४ लाख शेतकऱ्यांस जाहीर झाला. कोरडवाहू शेतकऱ्याकडे पंपच नाहीं. त्यास या माफींतून कांहीं मिळत नाहीं, परंतु तिच्या खर्चापायीं त्याचा पाझरतलाव मागें पडूं शकतो. बिल माफ झालें आणि कालवा थांबला, तर आपण जिंकलों कीं हरलों, याचा हिशेब दहा वर्षांनीं नव्हे तर आजच मांडला पाहिजे. दुष्काळांतहि बियाण्याची कणगी शाबूत ठेवणारी आपली जात आहे. घरीं जो नियम आपण पाळतों तोच राज्याच्या तिजोरीस लावण्याचा आग्रह धरणें, हें शेतकऱ्यानें आपलें काम मानावें.